गाडीला नेट दिलं की फोन तुटतो, फोन जोडला की गाडीचं नेट जातं

नोंदवही

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते. मी नोकरीभर ग्रंथालयात नोंदी केल्या, त्यामुळे थोडक्यात लिहिणं मला जमत नाही.

गाडी चार वर्षांची आहे. मध्ये मोठी स्क्रीन, आत कायमचं बसवलेलं सिम आणि वायरलेस अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनमधला नकाशा आणि गाणी तारेशिवाय गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय. फोन दीड वर्षाचा, अँड्रॉइड १४. मध्यंतरीपर्यंत सगळं इतकं सुरळीत चालायचं की या गोष्टींना नावं असतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मग एकामागून एक तीन गोष्टी घडल्या.

आधी गाडीच्या सिमची मुदत संपली. गाडीचं स्वतःचं हवामान, तिचा स्वतःचा नकाशा आणि 'काच खाली कर' म्हटलं की ऐकणारी बाई, तिघं एका दिवसात गप्प. माझं त्यावाचून काही अडत नव्हतं. भाच्याचं अडलं. त्याने माझ्या फोनचा हॉटस्पॉट (फोनचं नेट वाय-फायने दुसऱ्याला देणारी सोय) चालू करून गाडी त्याला जोडली आणि 'मावशी, तुला रोज काही दाबायला नको' म्हणून फोनमध्ये काहीतरी करून ठेवलं. बाई परत बोलायला लागली.

आठवडाभरात गाडीची बॅटरी बसली. नवी घातली. तेव्हापासून बाई पुन्हा मुकी. स्क्रीनवर वाय-फायचं चिन्ह दिसतं, फोनमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'एक डिव्हाइस जोडलेलं' असंही दिसतं, पण गाडी म्हणते 'सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही'.

खरा ताप तिसरा. अँड्रॉइड ऑटो लहरी झालंय. थोरल्या बहिणीला आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला नेते, एका खेपेचे साधारण ४० मिनिटं. ती शेजारी बसून लिहिते (मी चालवताना लिहीत नाही, काळजी नसावी). तिच्या वहीतून जसंच्या तसं ('नकाशा' म्हणजे ऑटोवरचा):

सोमवार. ८:०५ गाडी चालू. ८:०६ नकाशा आला. ८:०७ गेला. ८:१८ आपोआप परत आला, पुढे ठीक.
बुधवार. ८:०२ चालू. नकाशा आलाच नाही. येतानाही नाही. मात्र मुलाचा फोन गाडीच्या स्पीकरवर नीट आला.
शुक्रवार. ८:१० चालू. ८:११ आला. ८:१२ गेला. ८:२३ परत.
सोमवार. बुधवारची पुनरावृत्ती.
बुधवार. नकाशा नाही. फोन घरी राहिला.
शुक्रवार. ८:०७ चालू. ८:०८ आला. ८:०९ गेला. ८:२० परत.

दुसऱ्या बुधवारची नोंद मी गाळणार होते, पण आक्का म्हणाली नोंद ती नोंद.

सर्व्हिस सेंटरला दोन खेपा झाल्या. पहिल्यांदा सॉफ्टवेअर अपडेट केलं, फरक शून्य. दुसऱ्यांदा म्हणाले केबल लावून बघू. केबलवर फोन चार्ज झाला, पण ऑटो आलं नाही. त्यावरून निदान असं की स्क्रीनच बदलावी लागेल. ही केबल भाच्याचीच, पांढरी, लांबलचक.

माझे प्रश्न असे: स्क्रीन खरंच गेली असेल का? गेलीच असेल तर काही दिवशी बरोबर चालते कशी? आणि वाय-फाय जोडलेलं दिसत असताना नेट नाही म्हणजे काय?

सुसाट

फॅक्टरी रीसेट मारा, म्हणजे स्क्रीन कारखान्यातून आली तशी कोरी करा, विषय संपला. माझ्या गाडीत असले पाच आजार त्यानेच गेले. पूर्ण वाचलं नाहीये, पण औषध तेच.

जुना_खटका

रीसेट मारू नका. निदान अजून तरी नको. रीसेटने बिघाड जातो तेव्हा तो का होता हे कळायचा रस्ताही जातो, आणि तुमच्या बाबतीत तर तो दोन दिवसांत परत येईल अशी माझी खात्री आहे.

मी गाड्यांच्या स्क्रीन उघडून दुरुस्त करतो, बरीच वर्षं. दुरुस्तीला आलेल्यांपैकी पुष्कळ स्क्रीनना काहीही झालेलं नसतं. ताई, तुमच्या बहिणीच्या वहीला माझा नमस्कार सांगा. लोक मला 'कधी कधी चालत नाही' एवढंच सांगतात. इथे तर वेळा आहेत. त्या वेळांकडे बघा ना: ८:०७ ला गेला, ८:१८ ला आला. ८:१२ ला गेला, ८:२३ ला आला. ८:०९ ला गेला, ८:२० ला आला. तिन्ही वेळा अकरा मिनिटं. मोडलेली वस्तू इतकी वक्तशीर नसते. कुठेतरी कुणीतरी घड्याळ लावून ठेवलंय.

आता थोडं आतलं सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. वायरलेस ऑटो ब्लूटूथवर चालतं असा सगळ्यांचा समज असतो. ब्लूटूथचं काम फक्त ओळख करून देणं. गाडी चालू झाली की फोन आणि गाडी ब्लूटूथवर एकमेकांना ओळखतात, मग गाडी फोनच्या कानात स्वतःच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड सांगते. फोन त्या वाय-फायवर जातो, बहुधा ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि नकाशाचं चित्र, गाणी, तुमच्या बोटाचे स्पर्श हे सगळं तिथून जातं-येतं. ब्लूटूथच्या अंगात एवढं वाहून नेण्याची ताकदच नाही. फोनवरचं बोलणं मात्र ब्लूटूथवरच राहतं. म्हणून बुधवारी नकाशा नसतानाही मुलाचा फोन स्पीकरवर आला.

म्हणजे ऑटोच्या वेळी वाय-फायची यजमान गाडी आणि पाहुणा फोन. हॉटस्पॉटला बरोबर उलटं: यजमान फोन, पाहुणी गाडी. आणि कित्येक फोनांत हॉटस्पॉट चालू केला की फोन दुसऱ्या कुठल्याही वाय-फायवर पाहुणा म्हणून जाऊ शकत नाही, वाय-फाय आपोआप बंद होतं. काही फोन दोन्ही करतात, पण गाडीकडे बहुतेक वेळा वाय-फायचा एकच रेडिओ असतो, तिला तरी एका वेळी एकच खुर्ची.

माझा अंदाज: भाच्याने 'गाडीचं ब्लूटूथ जोडलं गेलं की हॉटस्पॉट चालू कर' असा नियम फोनमध्ये बसवलाय. सोमवारी काय झालं? ब्लूटूथ जोडलं, ऑटो आलं, तेवढ्यात नियमाने हॉटस्पॉट पेटला, फोन गाडीच्या वाय-फायवरून उठला, नकाशा गेला. गाडी यजमानाच्या खुर्चीत फोनची वाट बघत बसली, हॉटस्पॉटवर कुणी आलंच नाही. पाहुणा नसलेला हॉटस्पॉट फोन काही वेळाने स्वतःच बंद करतो, बऱ्याच फोनांत १० मिनिटांनी. तो बंद झाला, मिनिटभरात ऑटो परत. बुधवारी शर्यत हॉटस्पॉटने जिंकली, गाडी त्यावर पाहुणी म्हणून बसली, आणि पाहुणा बसलाय म्हटल्यावर तो बंद कशाला होईल?

चार गोष्टी तपासा, गाडी उभी करून. फोनमध्ये असा नियम आहे का. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये आपोआप बंद व्हायची वेळ किती आहे. फोनबरोबर आलेली मूळ केबल लावून ऑटो येतं का, आणि ती नेमक्या कोणत्या सॉकेटमध्ये लावलीत. दोन सॉकेट असतील तर बहुधा एकावर फोनचं किंवा यूएसबीचं चिन्ह असतं आणि दुसऱ्यावर नुसती वीज किंवा बॅटरी. दुसरं फक्त चार्जिंगचं.

चौथी गोष्ट सर्वात महत्त्वाची. गाडीची तारीख बघा.

नोंदवही

खटकासाहेब, तपासते. पण घड्याळ बरोबर आहे हो, स्क्रीनच्या कोपऱ्यात रोज दिसतं. आक्काच्या नोंदी त्याच घड्याळाच्या आहेत.

जुना_खटका

वेळ नाही म्हटलं मी, तारीख म्हटलं. :)

पाठची_सीट

मी आयफोन आणि कारप्लेवाला (ऑटोचा आयफोनवरचा भाऊ), तरी लिहितो, कारण हॉटस्पॉट प्रकरणात महिनाभर डोकं फोडलंय.

माझ्या गाडीला माझा हॉटस्पॉट दिसायचाच नाही. शेजारी बसलेल्याच्या फोनला दिसायचा, गाडीला नाही. कारण गाडीच्या वाय-फायला २.४ गिगाहर्ट्झचाच पट्टा कळतो आणि आयफोन १२ पासून पुढचे फोन हॉटस्पॉट ५ वर देऊ शकतात. हॉटस्पॉटच्या पानावर कंपॅटिबिलिटी (इतर उपकरणांशी जुळणं) वाढवायचं एक बटण आहे, ते चालू केलं की २.४ वर येतो. शिवाय पहिल्यांदा जोडताना ते हॉटस्पॉटचं पान उघडंच ठेवायचं, बंद केलं की थोड्या वेळाने फोन स्वतःला जाहीर करणं थांबवतो.

आणि एक गंमत. फोनला मी हौसेने मराठीत नाव दिलं होतं, हॉटस्पॉटचं नावही तेच. गाडी त्या जागी नुसते चौकोन दाखवायची आणि जोडायची नाही. मग कळलं, वाय-फायच्या नावाला एकूण ३२ बाइट मिळतात आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी सगळी वेगळी मोजायची. दहा चिन्हांत खेळ आटोपतो. शेवटी नाव इंग्रजीत केलं, चार अक्षरी, आणि जोडलं गेलं. वाईट वाटलं, पण काय करता.

सुसाट

तारखेचा आणि नेटचा काय संबंध? काहीही.

जुना_खटका

सुसाट, आहे संबंध, आणि तो मजेशीर आहे.

गाडी हवामान विचारायला सर्व्हरकडे जाते तेव्हा आधी सर्व्हर आपलं ओळखपत्र दाखवतो, सर्टिफिकेट म्हणतात ते. त्यावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. गाडी ते स्वतःच्या कॅलेंडरशी ताडून बघते. गाडीचं कॅलेंडर चार-पाच वर्षं मागे असेल तर तिच्या लेखी ते ओळखपत्र अजून जन्मलेलंच नाही. ती दार लावून घेते. वाय-फाय उत्तम, फोनचं नेट उत्तम, तरी 'सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही'. बॅटरी काढल्यावर हे होतं, कारण कॅलेंडर कारखान्यातल्या तारखेवर जातं. एरवी उपग्रहाकडून वेळ घेऊन ते दुरुस्त व्हायला हवं, पण 'आपोआप' हे बटण बंद असेल आणि बॅटरी बसवणाऱ्याने हाताने तास-मिनिटं लावली असतील, तर कोपऱ्यातलं घड्याळ बरोबर दिसतं आणि चूक झाकली जाते. म्हणून तारीख.

काही गाड्यांत तारीख चुकली की अँड्रॉइड ऑटोसुद्धा जोडायला नकार देतं, कारण फोन आणि गाडीही आपसात असंच ओळखपत्र तपासतात. ताईंच्या गाडीत ऑटो येतंय, म्हणजे तिथे तरी गाडीने समजूतदारपणा दाखवलाय.

नोंदवही

काल दुपारी दीड तास गाडीत बसून होते. आक्का वही घेऊन शेजारी. आता क्रमाने सांगते.

आधी तारीख. वेळेचं पान शोधायलाच दहा मिनिटं गेली, ते 'सिस्टम'च्या पोटात आणखी आत होतं. तिथे लिहिलेलं: २२ जानेवारी २०१८. गाडी तेव्हा तयारसुद्धा झालेली नव्हती! मी बघतच राहिले. आक्काने मात्र बोटांवर मोजायला घेतलं आणि म्हणाली, बॅटरी घालून काल बरोब्बर एकवीस दिवस झाले. म्हणजे ज्या दिवशी नवी बॅटरी बसली तो गाडीच्या लेखी १ जानेवारी २०१८, आणि तेव्हापासून ती इमानेइतबारे एकेक दिवस पुढे मोजत आली. मला तिची जरा कीवच आली.

'आपोआप' बटण बंदच होतं. चालू केलं. काही झालं नाही, कारण आम्ही छपराखाली होतो. गाडी उघड्यावर काढली, दोनेक मिनिटांत तारीख फटकन बदलली. हॉटस्पॉट हाताने चालू केला, गाडी जोडली, आणि बाई बोलली. आक्काने तिला काच खाली करायला सांगितलं, तिने केली. वर करायला सांगितलं, तिने 'मला समजलं नाही' म्हटलं. ते पूर्वीपासून तसंच आहे.

मग नियम. खटकासाहेब, तुमचा अंदाज शब्दशः खरा. फोनच्या सेटिंगमध्ये 'दिनक्रम' म्हणून एक जागा आहे, तिथे भाच्याने 'मावशीची गाडी' नावाचा नियम केलेला. ब्लूटूथ जोडलं तर हॉटस्पॉट चालू. हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याची वेळ: १० मिनिटं. भाच्याला फोन करून विचारलं तर म्हणाला, मी तुला सांगितलं होतं की. सांगितलं असेल. नियम बंद केला, गाडी तीनदा बंद-चालू केली, तिन्ही वेळा मिनिटभरात ऑटो आलं आणि टिकलं.

केबल. पांढऱ्या केबलने फोन चार्ज होतो, बाकी काही नाही, दोन्ही सॉकेटमध्ये. फोनच्या डब्यातली काळी केबल चिन्हाच्या सॉकेटमध्ये लावली तर फोनने परवानगी विचारली आणि ऑटो आलं. म्हणजे स्क्रीन बदलायचं निदान त्या पांढऱ्या केबलच्या भरवशावर झालं होतं. त्यावर मी काही लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

घरात आणखी एक दोन मीटरची केबल सापडली. तिने ऑटो येतं, पण गतिरोधकावरून गेलं की जातं. हे का?

आणि आता मूळ पेच उरलाच. नियम बंद केल्यावर माझा नकाशा नीट चालतो, पण गाडीच्या बाईला नेट नाही. बाईला नेट दिलं की नकाशा जातो. दोन्ही हवं असेल तर?

जुना_खटका

एकवीस दिवसांचा हिशेब वाचून मन भरलं. आक्कांना दुकानावर बसवायला हवं.

आधी केबल. यूएसबीच्या साध्या डेटा केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. चार्जिंगपुरत्या बनवलेल्या केबलमध्ये माहितीच्या तारा नसतातच. बाहेरून दोघी सारख्याच दिसतात. म्हणून मी दुकानात प्रत्येक केबलला रंगीत चिकटपट्टी लावतो, नाहीतर मीच फसतो. दोन मीटरवालीत चारही तारा आहेत, पण केबल जितकी लांब तितका सिग्नल थकतो, आणि लोंबती केबल हादऱ्याला टोकाशी हलते. अँड्रॉइड ऑटोच्या मदतपानावरही एक मीटरच्या आतली केबल वापरा असंच सांगितलंय. तिच्याने तुटत राहिलं तर फोनचं भोकही बघा, खिशातला कापूस दाबून दाबून बसलेला असतो, खटका पूर्ण लागत नाही. फोन बंद करून लाकडी काडीने हलक्या हाताने काढा. सुई, टाचणी अजिबात नको.

आता पेच. तुम्ही उत्तर काल स्वतःच हातात धरलं होतं: काळी केबल. ऑटो तारेवरून चालवलं की त्याला वाय-फाय लागतच नाही. मग दोघांच्या वाय-फायच्या खुर्च्या मोकळ्या. फोनने हॉटस्पॉट द्यावा, गाडीने पाहुणी म्हणून त्यावर बसावं, नकाशा तारेतून यावा. एवढंच करा की गाडीत वायरलेस ऑटो वेगळं बंद करता येत असेल तर त्या दिवसापुरतं बंद ठेवा, नाहीतर ती मध्येच हवेतून बोलावणं पाठवते. आणि भाच्याचा नियम परत लावायचा असेल तर त्यात 'केबल जोडलेली असताना' अशी अट घाला.

पण त्याआधी स्वतःला एक विचारा, बाई खरंच लागते का? ऑटोतला नकाशा फोनच्या नेटवर चालतो, गाडीच्या सिमचा त्याच्याशी काही संबंध नाही. गाडीचं हवामान आणि गाडीचा नकाशा हे दोन्ही तुमच्या फोनमध्ये आहेतच. काच खाली करायला दारावर बटण आहे. मी तुमच्या जागी असतो तर नियम काढून टाकला असता आणि बाईला सुट्टी दिली असती.

सिमची मुदत वाढवायच्या विचारात असाल तर दोन गोष्टी विचारून घ्या. अपघाताच्या वेळी मदत मागायचं बटण गाडीत असेल, तर ते त्या मुदतीवर अवलंबून आहे का. असेल तर सरळ वाढवा, त्यात काटकसर नको. आणि गाडीतला मोडेम (सिमवरून नेट घेणारा भाग) कोणत्या पिढीच्या नेटवर्कवर चालतो. तुमची चार वर्षांची आहे, बहुधा ४जी असेल, चिंता नाही. पण २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ३जी बंद केलं तेव्हा फक्त ३जी कळणाऱ्या कितीतरी गाड्यांचं आतलं नेट कायमचं गेलं. गाडी धडधाकट, इंजिन ठणठणीत, आणि सिमला बोलायला टॉवरच नाही.

निळा_दात

मध्येच घुसतोय, माफी. माझं केबलवर छान चालतं, वायरलेस मात्र 'जोडत आहे' वर अडकून राहतं. हॉटस्पॉट नाही, नियम नाही, तारीख बरोबर. फोन ऑफिसचा आहे. पेअरिंग (फोन-गाडीची ब्लूटूथ जोडणी) काढून परत केलं, उपयोग नाही.

जुना_खटका

ऑफिसचा फोन म्हणजे व्हीपीएन (फोनचं सगळं नेट ऑफिसच्या मार्गाने फिरवणारी सोय) सतत चालू असणार. वायरलेस ऑटोमध्ये फोनला गाडीशी थेट त्याच छोट्या वाय-फायवर बोलायचं असतं, आणि कडक व्हीपीएन सगळं बोलणं स्वतःच्या बोगद्यातून ओढतं. गाडी बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला नाही, तुमच्या गुडघ्यासमोर आहे. पाच मिनिटं व्हीपीएन बंद करून बघा. जोडलं गेलं तर व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये अँड्रॉइड ऑटोला वगळता येतं का बघा. ऑफिसने कुलूप लावलं असेल तर केबल जिंदाबाद.

आणि पेअरिंग काढलंत ते दोन्हीकडून काढलंत का? एकाच बाजूने काढलं की एकाकडे जुनी किल्ली राहते आणि दुसऱ्याकडे कुलूप बदललेलं. फोनमधून गाडी काढा, गाडीतून फोन काढा, मग गाडीची स्क्रीन पुन्हा सुरू करा. चावी फिरवली म्हणजे स्क्रीन बंद झाली असं समजू नका, बऱ्याच गाड्यांत ती नुसती झोपते आणि उठल्यावर जुनंच रडगाणं पुढे चालू करते. आवाजाचं किंवा पॉवरचं बटण कंपनीचं चिन्ह दिसेपर्यंत दाबून धरा. नेमकं कोणतं बटण ते गाडीच्या पुस्तिकेत असतं.

निळा_दात

व्हीपीएनच होतं. ऑफिसने कुलूप लावलंय. केबल जिंदाबाद.

सुसाट

बरं, मी काल माझ्या गाडीची तारीख बघितली. बरोबर आहे. फक्त सांगतोय.

नोंदवही

दोन आठवडे झाले, हिशेब देते.

नियम काढून टाकला. बाईला सुट्टी दिली. मदतीचं बटण मुदतीवर अवलंबून नाही असं लेखी विचारून घेतलं, तोंडी उत्तरावर माझा आता विश्वास नाही. सर्व्हिस सेंटरला पांढरी केबल नेऊन दाखवली. 'हो का' म्हणाले. दुसरं काही म्हणाले नाहीत.

सहा खेपांपैकी पाचांत नकाशा मिनिटाभरात आला आणि शेवटपर्यंत राहिला. एका बुधवारी ८:३१ ला गेला, ८:३४ ला परत आला. त्या दिवशी फोन वायरलेस चार्जिंगच्या पॅडवर ठेवला होता, वरून ऊन, आणि उचलला तर हाताला चटका बसेल इतका तापलेला. एरवी तो कपाच्या खाचेत असतो. खटकासाहेब, गरम झाल्याने झालं असेल का?

जुना_खटका

असेल. तापला की फोन आधी स्वतःला वाचवतो, तुमचा नकाशा नंतर. चार्जिंग, नकाशा, वाय-फाय आणि ऊन चारही एकदम म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. कपाच्या खाचेतच ठेवा. परत झालं तर वेळ लिहून ठेवा.

नोंदवही

ते सांगायला नको. आजची नोंद: 'शुक्रवार. ८:०६ चालू. ८:०७ आला. लिहिण्यासारखं काही नाही.' आणि खाली आक्काने तरीही वेळ टाकली आहे, ८:४६.